माफीनाम्यावर सही करावी का? वर्गातल्या बोलण्याविषयी एका तरुण प्राध्यापकाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या सहायक प्राध्यापकांनी तृतीय वर्ष कला शाखेच्या वर्गात विकास आणि लोकशाही यांच्या संबंधावरचा घटक शिकवताना राजापूर तालुक्यातील बारसूच्या प्रस्तावित रिफायनरीचे उदाहरण घेतले. ‘ज्यांच्या जमिनी जाणार आहेत त्यांना विश्वासात न घेता सर्वेक्षण रेटणे लोकशाहीच्या तत्त्वाला धरून नाही,’ असे ते म्हणाले. कोणीतरी हे बोलणे मोबाईलवर टिपले, त्यातला दोनेक मिनिटांचा तुकडा गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला, संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी प्राचार्यांना फोन केला, आणि प्राचार्यांनी ‘वर्गात वादग्रस्त विषय नकोत’ अशी तोंडी ताकीद देऊन तयार माफीनामा सहीसाठी पुढे ठेवला. प्राध्यापक विचारतात की, घटनेने दिलेले अभिव्यक्तिस्वातंत्र्य मला वर्गात नाही का, आणि मी सही करावी का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याला वेळेची मर्यादा आहे. दुसऱ्याने लिहून आणलेल्या माफीनाम्यावर सही करू नका. ‘माझ्या वक्तव्यामुळे भावना दुखावल्या, यापुढे असे होणार नाही’ अशी दोन ओळींची कबुली त्या दिवशी निरुपद्रवी वाटते, पण ती तुमच्या वैयक्तिक नस्तीत जाते आणि पुढे कॅसच्या (सेवांतर्गत पदोन्नती योजनेच्या) वेळी किंवा एखाद्या चौकशीत ‘यांनी गैरवर्तन स्वतःच मान्य केले होते’ म्हणून बाहेर निघते. खुलासा अवश्य द्या, मात्र तो तुमच्या शब्दांत, तुमच्या तारखेने आणि आवक क्रमांक घेऊन द्या. तो कसा लिहावा हे खाली सांगतो. त्याआधी पहिल्या प्रश्नाकडे वळतो, कारण माझ्या अनुभवात बहुतेक शिक्षक इथेच चुकीचे शस्त्र हाती घेतात. राज्यशास्त्राचा प्राध्यापक म्हणून मी कोकणातच शिकवले, याच विषयावर अभ्यास केला, आणि अशा प्रसंगी सहकाऱ्यांबरोबर बसून त्यांची उत्तरे तयार केली. त्यावरून हे लिहीत आहे.

तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. नागरिक म्हणून तुमचे बोलण्याचे स्वातंत्र्य ही एक, शिक्षक म्हणून आपल्या विषयाचे अध्यापन करण्याचे स्वातंत्र्य ही दुसरी, आणि नोकरीची सुरक्षितता ही तिसरी. तिन्हींचा उगम वेगळा, मर्यादा वेगळ्या आणि दाद मागण्याची जागाही वेगळी आहे.

नागरिकाच्या स्वातंत्र्याचा आधार कलम १९(१)(अ) हा आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, पण कलम १९(२) मध्ये दिलेल्या कारणांसाठीच: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. यांतील सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रसंबंध व चिथावणी ही कारणे १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आली आणि ‘वाजवी’ हा शब्दही त्याच वेळी आला. सार्वभौमता व एकात्मता हे कारण १९६३ मध्ये जोडले गेले. संस्थेची गैरसोय, पदाधिकाऱ्यांची नाराजी किंवा विषय वादग्रस्त असणे ही कारणे त्या यादीत कुठेही नाहीत. फौजदारी कारवाईची भीती कोणी घातली, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाचा आधार घ्यावा. चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या तिथे न्यायालयाने वेगळ्या केल्या आणि बोलणे चिथावणीपर्यंत पोहोचले तरच निर्बंधाचा प्रश्न येतो असे सांगितले. तुमचे वाक्य फार तर दुसऱ्या पायरीवर आहे.

आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातले प्रकरण तुम्हाला ठाऊक असेल. तिथल्या एका प्राध्यापकावर कलम ३७० रद्द केल्याच्या निर्णयावर टीका करणाऱ्या व्हॉट्सॲप स्टेटसमुळे भारतीय दंड संहितेच्या १५३-अ खाली (समाजगटांत वैर पसरवल्याचा) गुन्हा दाखल झाला होता. उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिल्यावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये तो रद्द केला आणि शासनाच्या अशा निर्णयावर टीका करण्याचा प्रत्येक नागरिकाला अधिकार आहे असे स्पष्ट म्हटले. हा निकाल मोलाचा आहे. तरीही तो कुठवर पोहोचतो हे नीट पाहा. तो पोलिसांना आणि सरकारी वकिलांना उद्देशून आहे. प्राचार्यांच्या दालनातील ताकिदीविषयी तो काही सांगत नाही. मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध मागायचे असतात. कलम १९ व २१ मधील हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतील, असे २०२३ मध्ये घटनापीठाने बहुमताने म्हटले आहे हे खरे, पण खासगी संस्थेच्या महाविद्यालयातला नोकरीचा वाद त्या एका वाक्यावर जिंकण्याची आशा मी कोणाला देणार नाही. म्हणूनच ‘मला कलम १९ चा अधिकार आहे’ एवढेच लिहिलेला खुलासा अपुरा पडतो. त्याने तुम्ही वर्गात नागरिक म्हणून बोलत होता असे सूचित होते, आणि मग समोरच्याला ‘तुमची मते तुम्ही चौकात मांडा, वर्गात नको’ असे म्हणायला जागा मिळते.

तुमचे खरे बळ दुसऱ्या प्रकारच्या स्वातंत्र्यात आहे. आपल्या घटनेत शैक्षणिक स्वातंत्र्य असा वेगळा उल्लेख नाही. जर्मनीच्या मूलभूत कायद्यात तो आहे: कलम ५(३) नुसार कला, विज्ञान, संशोधन आणि अध्यापन मुक्त आहेत, आणि लगेच पुढे अध्यापनाचे स्वातंत्र्य घटनेवरील निष्ठेतून सूट देत नाही असेही म्हटले आहे. अमेरिकेतील प्राध्यापकांच्या संघटनेने १९४० साली मांडलेल्या तत्त्वांत शिक्षकाला आपल्या विषयाची वर्गात चर्चा करण्याचे स्वातंत्र्य मान्य केले आणि त्याचबरोबर विषयाशी संबंध नसलेल्या वादग्रस्त गोष्टी वर्गात आणू नयेत असे बजावले. युनेस्कोनेही १९९७ मध्ये उच्च शिक्षणातील अध्यापकांविषयी शिफारस स्वीकारली. या सगळ्यांत एक सूत्र समान आहे. शिक्षकाचे स्वातंत्र्य त्याच्या विषयाशी बांधलेले असते. चौकातल्या भाषणापेक्षा ते एका अर्थाने अरुंद आहे, कारण तिथे तुम्ही पुराव्याविना बोलू शकत नाही आणि वाटेल त्या विषयावर बोलू शकत नाही. पण त्या अरुंद हद्दीत ते अधिक भक्कम आहे, कारण तिथे तुम्ही जे करता ते स्वतःच्या हौसेखातर करत नसून विद्यापीठाने सोपवलेले काम करत असता.

दोन्हींतला फरक आपल्याच भूमीतल्या एका माणसाच्या आयुष्यात स्पष्ट दिसतो. दापोलीजवळच्या मुरूडचे रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवत. संततिनियमनाचा पुरस्कार ते वर्गाबाहेर, लेखनातून आणि १९२१ मध्ये सुरू केलेल्या केंद्रातून करत होते. गणिताच्या अध्यापनाबद्दल तक्रार नव्हती, तरी या मतांपायी त्यांना नोकरी सोडावी लागली. पुढे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवताना त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. तरी तो खटला ते हरले. कर्वे यांच्यावर जो अन्याय झाला तो नागरिकाच्या स्वातंत्र्यावरचा होता आणि त्याची किंमत शिक्षकाने मोजली. तुमच्या बाबतीत उलट आहे. तुम्ही वर्गाबाहेर काहीच बोलला नाहीत. अभ्यासक्रमातला घटक शिकवताना बोललात. त्यामुळे तुमची बाजू कर्व्यांपेक्षा सोपी आहे आणि ती अभ्यासक्रमापासूनच मांडायला हवी.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली पारंपरिक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला संलग्न आहेत. अभ्यासक्रम अभ्यास मंडळ तयार करते, विद्या परिषद मान्य करते, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ ने ही रचना ठरवून दिली आहे. विद्यापीठाने मान्य केलेला घटक एखाद्या महाविद्यालयाने तोंडी आदेशाने वगळावा अशी तरतूद त्या कायद्यात नाही. ही ढाल अभेद्य आहे असे मात्र म्हणणार नाही. २०१० साली याच विद्यापीठात रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी एका विद्यार्थी संघटनेच्या आक्षेपानंतर कुलगुरूंनी आपल्या विशेष अधिकारात अभ्यासक्रमातून काढली होती. त्या वेळी मला सर्वांत जास्त खटकले ते हे की, पुस्तक शिकवावे की नाही हे ठरवणाऱ्या अभ्यासकांना आपले म्हणणे मांडण्याची संधीच मिळाली नाही. पण पाहा, तिथेही कोणाला तरी अधिकृत आदेश काढावा लागला, त्याची बातमी झाली, त्यावर चर्चा झाली. तोंडी ताकिदीचा धोका याहून मोठा आहे, कारण ती कुठे नोंदलीच जात नाही आणि शिक्षक पुढच्या वर्षी तो घटक आपण होऊन दहा मिनिटांत उरकतो.

आता तुम्ही उदाहरण कसे हाताळले याकडे येतो. माझ्या मते प्रकरणाचा कस इथेच लागतो, आणि तुमच्या प्रश्नात याविषयी काहीच नाही.

बारसूसारखा विषय आपल्या वर्गात घेणे म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या सहकाऱ्यांना समजावून सांगावे लागते. समोरच्या बाकावर बसलेल्या मुलीच्या वडिलांचे नाव सातबाऱ्यावर असते, मागच्या बाकावरच्या मुलाचा काका जमिनीच्या व्यवहारात असतो, आणि तिसऱ्याचा भाऊ पोलिसांत असून २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वेक्षणाविरुद्ध आंदोलन चालू असताना त्याच सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, बंदोबस्ताला उभा होता. मी किनाऱ्यावरच्या एका महाविद्यालयात असताना मासेमारीच्या वादावर असाच तास घेत असे. पर्ससीन जाळ्यांवर (यांत्रिक बोटींवरून माशांच्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर) शासनाने २०१६ मध्ये निर्बंध आणले तेव्हा वर्गात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे पारंपरिक जाळे, ओढणाऱ्यांची मुले होती आणि पर्ससीनच्या बोटीवर ज्यांचे घर चालते त्यांचीही होती. राज्याने कोणाच्या हक्काचे रक्षण करावे आणि ते कोणत्या प्रक्रियेने ठरवावे, हा राज्यशास्त्राचाच प्रश्न आहे. त्यासाठी दिल्लीचे उदाहरण शोधत बसण्याची गरज नव्हती.

मी करत असे ते असे. तासाच्या आधी दोन कागद झेरॉक्स करून वाटायचे: एक शासनाचा आदेश आणि दुसरा बाधित होणाऱ्या मालकांचे निवेदन. पहिली पंधरा मिनिटे कोणी बोलायचे नाही, फक्त वाचायचे. मग रापणवाल्यांच्या मुलांनी पर्ससीनवाल्यांची बाजू लिहायची आणि पर्ससीनवाल्यांनी रापणीची, तीही अशी की ज्याची बाजू आहे त्याने ‘हो, आमचे म्हणणे हेच आहे’ असे मान्य केले पाहिजे. एका मुलाने प्रतिपक्षाची बाजू मुद्दाम लंगडी लिहिली, तेव्हा समोरच्या मुलीने उठून कर्जाचे हप्ते, डिझेलचा खर्च आणि बोटीवरच्या खलाशांची संख्या सांगून त्याच्याकडून ती पुन्हा लिहून घेतली. ती मुलगी रापणवाल्यांच्या घरातली होती. तो तास झाल्यावर मुलांनी मला विचारले, ‘सर, तुमचे मत काय?’ आणि मी सांगितले.

इथे माझे आणि माझ्या अनेक आदरणीय सहकाऱ्यांचे मतभेद आहेत. शिक्षकाने वर्गात आपले मत कधीच सांगू नये असे त्यांचे म्हणणे असते. मला ते पटत नाही. आपल्याकडे गाव लहान असते, शिक्षक कोणत्या वाडीतला आणि कोणाच्या ओट्यावर बसतो हे मुलांना आधीच माहीत असते, आणि मत लपवल्याने ते नाहीसे होत नाही. उलट, ते तपासले जाण्यातून सुटते. मात्र मत सांगण्याच्या काही अटी मी कसोशीने पाळल्या. ते शेवटी सांगायचे, आधी नाही. ते माझे मत आहे असे म्हणून सांगायचे. त्याच्या विरोधातला सर्वांत बळकट मुद्दा मी स्वतः मांडायचा. आणि उत्तरपत्रिकेत त्या मताचा एक गुणही इकडेतिकडे होता कामा नये. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आपल्या हाती असतात, त्यामुळे वर्गात आपण आणि विद्यार्थी समान पातळीवर बोलत नसतो. विद्यार्थ्याला आपल्याशी असहमत होण्याचे स्वातंत्र्य नसेल, तर आपल्या अध्यापनस्वातंत्र्याला नैतिक आधार उरत नाही.

या कसोटीवर तुमचे वाक्य तपासा. बाधितांना विश्वासात न घेता सर्वेक्षण करणे लोकशाहीच्या तत्त्वाशी जुळते का, हे मूल्यात्मक विधान आहे, ते विषयाच्या गाभ्यातले आहे, आणि त्याला पूरक आणि विरोधी असे दोन्ही युक्तिवाद शास्त्रात आहेत. ते मांडण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पण ‘विश्वासात न घेता’ हा त्यातला वस्तुस्थितीचा भाग आहे. त्याला तुमच्याकडे आधार काय होता? ग्रामसभांचे ठराव, वृत्तपत्रांतील बातम्या, प्रशासनाचे निवेदन यांपैकी काय तुम्ही वर्गात दाखवले? आंदोलनाच्या वेळी लाठीमार झाला की नाही याविषयी आंदोलक आणि शासन यांची विधाने परस्परविरोधी होती; अशा ठिकाणी शिक्षकाने दोन्ही विधाने कोणाची आहेत हे सांगून ठेवावीत, स्वतः निवाडा करू नये. आणि याच रिफायनरीसाठी आधी निवडलेल्या नाणारच्या भूसंपादनाची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली हा इतिहासही सोबत आला, तर लोकमताचा धोरणावर परिणाम कसा होतो हे मुलांना दिसते आणि उदाहरण एकांगी राहत नाही. तुमच्या टिपणांत हे सारे असेल, तर तो दोन मिनिटांचा तुकडा तुमचे काही बिघडवू शकणार नाही, कारण उरलेला तास तुमच्या बाजूने साक्ष देईल. नसेल, तर पुढच्या तासाला ती उणीव भरून काढा. तसे केल्याने तुम्ही माघार घेतली असे होत नाही.

एवढे झाल्यावर नोकरीचा भाग. इथे तुमच्या परिस्थितीवर फार काही अवलंबून आहे आणि तुम्ही ती सांगितलेली नाही. शासकीय महाविद्यालयात असाल, तर १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम लागू होतात आणि शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यास त्यांत बंधन आहे. तिथे ‘हे जाहीर वक्तव्य नसून अध्यापन होते’ हा मुद्दा निर्णायक ठरतो. अनुदानित महाविद्यालयात मान्यताप्राप्त कायम पदावर असाल, तर रीतसर चौकशीशिवाय तुम्हाला काढता येत नाही, विद्यापीठाची तक्रार निवारण समिती आहे, आणि बडतर्फी वा पदावनती झालीच तर विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. त्याची मुदत कमी असते, म्हणून आदेश हाती पडताच वकील गाठावा. तासिका तत्त्वावर असाल, तर मला कटू वाटले तरी स्पष्ट सांगायला हवे की संरक्षण फारच तोकडे आहे. तुम्हाला कोणी काढणार नाही, जूनमध्ये फक्त बोलावणार नाहीत. आपल्या राज्यात शैक्षणिक स्वातंत्र्याची सर्वांत मोठी गळचेपी कोणत्याही खटल्यातून होत नाही, ती वर्षानुवर्षे न भरलेल्या पदांतून होते. ज्याची पुढच्या सत्राची भाकरी एका फोनवर अवलंबून आहे, त्याच्याकडून निर्भय अध्यापनाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. अशा सहकाऱ्याने सही करण्याचे नाकारावे असा आग्रह मी धरणार नाही; पण निदान माफीऐवजी खुलाशाचा मसुदा पुढे ठेवून पाहावा असे नक्की सांगेन. कोणत्याही प्रकारात बुक्टूच्या (मुंबई विद्यापीठातील प्राध्यापकांच्या संघटनेच्या) स्थानिक प्रतिनिधीला आजच कळवा. एकटा शिक्षक प्राचार्यांच्या दालनात जातो आणि दोघे जातात यांत फार फरक पडतो.

खुलासा साधारण असा लिहावा: ‘दिनांक अमुक रोजी तृतीय वर्ष कला वर्गात विद्यापीठाने विहित केलेल्या अभ्यासक्रमातील अमुक घटकाचे अध्यापन करताना मी बारसू येथील प्रस्तावित प्रकल्पाचे उदाहरण घेतले. त्यासाठी वापरलेल्या संदर्भसाहित्याची यादी व तासाचे टिपण सोबत जोडले आहे. प्रसारित झालेली ध्वनिचित्रफीत संपूर्ण तासाची नसून त्यातील अंशमात्र आहे. कोणतेही विशिष्ट विधान वस्तुस्थितीला सोडून आहे असे आढळल्यास ते निदर्शनास आणून द्यावे, मी वर्गात त्याची दुरुस्ती करीन. सदर घटक शिकवू नये अशी सूचना असल्यास ती कृपया लेखी मिळावी, जेणेकरून मला अभ्यास मंडळाचे मार्गदर्शन घेता येईल.’ भाषा सौम्य ठेवा, संस्थेवर एकही आरोप करू नका. प्राचार्यही बहुधा अडचणीत आहेत हे लक्षात असू द्या. पदाधिकाऱ्यांना दाखवण्यासाठी त्यांना एक कागद हवा आहे, आणि हा कागद त्यांचीही सुटका करू शकतो. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच प्रकरणांत लेखी सूचना मागितल्यानंतर ती कधीच आली नाही आणि विषय तिथेच थांबला.

पुढच्या तासाला बारसू सोडून देऊ नका, पण लगेच त्याच वाक्यापासून सुरुवातही करू नका. मी असतो तर एक पाऊल मागे जाऊन टिळकांचा १८९७ चा राजद्रोहाचा खटला घेतला असता. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितले की सरकारविषयी प्रेमाचा अभाव म्हणजेच अप्रीती, आणि त्या व्याख्येवर टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. त्याशेजारी केदारनाथ सिंह प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ चा निकाल ठेवावा, ज्यात हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्था माजवण्याची प्रवृत्ती असेल तरच राजद्रोह, अशी मर्यादा घातली गेली. टिळक रत्नागिरीचे, म्हणून मुले कान देऊन ऐकतात, आणि मग आजच्या कोणत्या बोलण्याला कोणते माप लावायचे हे त्यांचे त्यांना ठरवता येते.

राहता राहिला तो चित्रण करणारा विद्यार्थी. तो कोण हे शोधू नका, कोणी नाव सांगू लागले तर ऐकून घेऊ नका, आणि वर्गात त्याविषयी टोमणाही मारू नका. अंतर्गत परीक्षेचे गुण अजून तुम्हालाच द्यायचे आहेत, आणि त्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला हे बारकाईने पाहायचे आहे की सरांशी वाकडे घेतल्यावर काय होते. परवानगीशिवाय तासाचे चित्रण करू नये असा नियम महाविद्यालयाने करावा, असा अर्ज तुम्ही स्वतंत्रपणे देऊ शकता. तो या प्रकरणाशी जोडू नका. त्याऐवजी तुमच्या विधानाशी जे सहमत नाहीत त्यांनी पुढच्या आठवड्यात आपली बाजू कागदपत्रांसह वर्गात मांडावी, असे जाहीर करा, आणि त्यासाठी तासातली निम्मी वेळ खरोखर मोकळी ठेवा.